शनिवारी सल्ला मिळेल

सोमवार, ३ मार्च

आज पुन्हा तोच प्रश्न! ह्या वेळी लिफ्टमध्ये. चौथ्या मजल्यावरच्या बाई, हातात कपड्यांची बादली, मुंगीकडे वाकून — "काय गं, शाळेला सुट्टी वाटतं आज?" मुंगीनं माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, ती घरीच शिकते. झालं! तळमजला आला, दार उघडलं, बंद झालं, परत उघडलं, बाई काही हलेनात. घरी म्हणजे? कोण शिकवतं? तुम्ही? बरं, 'तुम्ही' असं काही काढलं तोंडातून, की मी भाजीच्या सुरीनं पोरीचं अपेंडिक्सच काढणार आहे!

म्हटलं, हो, मीच. सकाळी लोकांच्या दातांच्या कवळ्या करते, मधल्या वेळात पोरगी बिघडवते. बाई हसल्या नाहीत. बादलीतलं पाणी मात्र माझ्या चपलेवर सांडलं.

अडीच वर्षं झाली मुंगीला शाळेतून काढून. तेव्हा दुसरीत होती. वर्गाच्या बाईंनी सगळ्या पालकांसमोर सांगितलं, "तुमची जरा हळूच आहे हो." हळू! नऊ महिन्यांच्या जागी सातव्या महिन्यात बाहेर आलेली पोर ही. मुंगी म्हणतो ते उगाच नाही, तळहातावर मावत होती. तेवढी घाई तिनं एकदाच केली, पुढे करायची नाही म्हणाली असेल. मी त्याच दिवशी दप्तर, डबा आणि पोरगी तिन्ही उचलून घरी आणली.

मंगळवार, ४ मार्च

भागाकार. रडणं. दोघींचं.

गुरुवार, ६ मार्च

नवरा दिवसभर लोकांच्या लिफ्टा दुरुस्त करतो, त्यामुळे घरी आला की त्याला काहीतरी वर न्यायचं असतं किंवा खाली आणायचं असतं. आज मुंगीला पाचवीत न्यायचं काढलं. मागच्या रस्त्यावर नवी शाळा झालीये, तिथली लिफ्ट ह्यानंच बसवली. "वर्ग लहान आहेत. खिडक्या मोठ्या आहेत. चार एप्रिलपर्यंत प्रवेश देतायत. एकदा विचार तरी करू."

मी विचारलं, खिडक्या बघून शाळा ठरवायची का आता? म्हणाला, तू बाईंच्या एका वाक्यावरून ठरवलीसच की!

मी काही बोलले नाही. म्हणजे बोलले, पण ते इथे लिहिण्यासारखं नाही.

तरी सांगितलं शेवटी, की चार तारखेच्या आत ठरवू. आणि मुंगीला विचारून ठरवू. त्याला वाटलं मी नमले. मला माहीत आहे मुंगी काय म्हणणार ते.

शनिवार, ८ मार्च

माझा शनिवारचा दरबार. नवरा दरबार म्हणतो, मी बैठक म्हणते. सुरू झाला तो डेंटिस्टमुळे. मी त्याच्या पेशंटांच्या कवळ्या करते — तो ठसे पाठवतो, मी प्लास्टर ओतते, मेणात दात लावते. मागच्या वर्षी खुर्चीत आ वासून बसलेल्या कुठल्याशा बाईला त्यानं सांगितलं, की आमची कवळीवाली पोरीला घरीच शिकवते. बाईला उत्तर देता येत नव्हतं, म्हणून ती थेट माझ्याकडे आली. तिनं बहिणीला सांगितलं, बहिणीनं शेजारणीला. आता दर शनिवारी दुपारी कोणी ना कोणी असतंच. दारावर मुंगीनं पाटीही लावलीये — 'शनिवारी सल्ला मिळेल'. खाली दाताचं चित्र. लोकांना वाटतं दात दुखल्यावर यायचं.

आज बँकेत काम करणारे गृहस्थ, त्यांची बायको आणि जुळ्या मुली. मुली मुंगीबरोबर आतल्या खोलीत, आईबाप माझ्यापुढे. प्रश्न ठरलेलेच, क्रमही ठरलेला. मी आता प्रश्न अर्ध्यात असतानाच उत्तर देते, वेळ वाचतो.

तुम्हाला सगळे विषय येतात का? — नाही. शाळेतल्या प्रत्येक बाईंना येतात का? पुस्तक उघडायचं, आपण आधी वाचायचं, मग तिच्याबरोबर वाचायचं. जमत नाही ते जमणाऱ्याला विचारायचं.

रोज किती वेळ? — सकाळी दोन-अडीच तास नीट बसलं तर पुष्कळ. शाळेत सहा तास जातात त्यातले निम्मे रांगेत उभं राहण्यात.

वेळापत्रक? — हवं. पण शाळेची नक्कल नको. घरात घंटा वाजवणारे एक काका मला माहीत आहेत, त्यांचा मुलगा आता फक्त घंटेलाच घाबरतो.

परीक्षा? — बाहेरून देता येते. आधी नियम बघा, नंतर नातेवाइकांना सांगा. उलटं केलं की नातेवाईकच नियम सांगतात.

आणि मग गृहस्थांनी घसा खाकरला. मला कळलंच. महाप्रश्न! "पण... मित्र? मुलांना मित्र कसे मिळणार?"

मी ह्याला नेहमीचं उत्तर देते. म्हटलं, एका वयाच्या चाळीस मुलांना एका खोलीत कोंडलं म्हणजे मैत्री होते असं वाटतं तुम्हाला? तुम्हाला बँकेत होते का? आमच्या मुंगीला बघा. एकटं वाटतं का तिला? छे! स्वतःशी रमते. मोठ्यांशी बोलते, लहानांशी बोलते. बायको मान हलवत राहिली. गृहस्थ बँकेतल्या सहकाऱ्यांचा विचार करत असावेत.

आतून हसण्याचा आवाज येत होता. मुंगीनं जुळ्यांना प्लास्टरचे जबडे हातात देऊन एकमेकांना चावायला लावलं होतं. डेंटिस्टच्या एका पेशंटचा सुळा गेला. पुन्हा ओतावा लागेल.

रविवार, ९ मार्च

सासूबाईंचा फोन. तीस वर्षं मुख्याध्यापिका होत्या, निवृत्त झाल्या तरी फोनवर हजेरी घेतात. मुंगीला सतराचा पाढा विचारला. मुंगीनं म्हटला. हळू, पण म्हटला. मग मला फोन. "अगं, पाढा येतो, चांगलं आहे. पण तिच्या आवाजात वर्गात बसलेल्या मुलांचा जोर नाही."

जोर! पाढ्याला आता जोरही हवा! म्हटलं, आई, आमच्याकडे आठ बाय दहाच्या खोलीत जोर लावला तर खालचे येतात वर.

"तुझं सगळं चेष्टेवारी," म्हणाल्या आणि ठेवला. माझ्या डोक्यावर मिऱ्या वाटल्या की ह्यांना रात्री झोप चांगली लागत असणार.

बुधवार, १२ मार्च

सकाळ चांगली गेली. मुंगीनं प्लास्टर कालवलं — पाण्यात पावडर, पावडरीत पाणी नव्हे, हे तिला माझ्यापेक्षा पक्कं माहीत. तीन भागाला एक भाग. अपूर्णांक इथेच शिकली ती. ज्या दिवशी चुकलं त्या दिवशी साचा भुसभुशीत झाला आणि हातात तुटला, पुन्हा चुकलं नाही. पुस्तकातल्या कापलेल्या सफरचंदांनी काय होणार!

संधी साधून विचारलं. "मुंगे, पाचवीत शाळेत जायचंय का तुला, की आपण असंच चालू ठेवू?"

"चालेल."

"काय चालेल?"

"कसंही."

"घरी आवडतं ना?"

"आवडतं."

घ्या! नवऱ्याला जेवताना सांगितलं. तो म्हणाला, तुझा डेंटिस्ट कवळी बसवताना जसं विचारतो तसं विचारलंस — टोचत नाही ना? माणूस म्हणतो, नाही. नंतर घरी जाऊन काढून ठेवतो.

माझ्या कवळ्या कोणी काढून ठेवत नाही. पहिल्या फेरीतच बसतात. डेंटिस्ट म्हणतो, तुमच्याकडचं काम परत येत नाही. माझा सल्लाही तसाच — एका बैठकीत. लोक चहा पितात, सगळी उत्तरं घेतात, निघतात. दुसऱ्यांदा यायची वेळ येत नाही. बाकीचे सल्लागार लोकांना महिनोन्‌महिने घोळवतात, माझं काम असं रोखठोक.

शनिवार, १५ मार्च

आज एकटीच आई, बरोबर दोन वेण्यांची मुलगी. आई बोलताना पर्सची चेन उघडायची, लावायची. नवरा घरी नसतो, स्वतःची नोकरी अर्धवेळ, घरी शिकवायला जमेल का?

तिला मी सरळ सांगितलं. जमेल, पण आधी स्वतःचा एक तास राखून ठेव. दार लावून. पोरीला सांग, आग लागल्याशिवाय ठोठावू नकोस. नाहीतर सहा महिन्यांत तू आई राहत नाहीस, बाई राहत नाहीस, नुसती ओरडणारी राहतेस. आणि सुरुवातीला काहीच शिकवू नकोस. शाळा सुटल्यावर पोरं काही आठवडे नुसती लोळतात. लोळू दे. आपल्यालाच धीर नसतो, आपण तिसऱ्या दिवशी पट्टी घेऊन बसतो.

(मी दुसऱ्या दिवशी बसले होते. ते तिला सांगितलं नाही.)

महाप्रश्नही आलाच. नेहमीचं उत्तर दिलं. झकास बसलं.

निघताना घोळ. वेण्यांच्या मुलीचा एक बूट सापडेना! सगळं घर पालथं घातलं. मुंगी सगळ्यात जोरात शोधत होती, सोफ्याखाली पालथी पडून. शेवटी मी माझी चप्पल दिली, पोर ती फरफटत लिफ्टपर्यंत गेली. आई लाजून चूर. मीही. सापडला की कळवते म्हटलं.

लोकांची पोरं म्हणजे!

सोमवार, १७ मार्च

बूट सापडला. प्लास्टरच्या डब्यात, पावडरीखाली. बाहेर काढला तर पांढराफट. आता ही दोन वेण्यांची कार्टी माझ्या डब्यात बूट पुरून गेली, का, देव जाणे! कुठली ही वृत्ती? शाळेत हेच शिकवतात बहुतेक.

मुंगीनं स्वतःहून ब्रश घेऊन तो घासला. केवढं समंजस लेकरू. "आई, त्यांना फोन कर ना. शनिवारपर्यंत नको थांबायला, तिला दुसरा नसेल."

बुधवार, १९ मार्च

वेण्यांची मुलगी बूट न्यायला आली. आई चहाला थांबली नाही, पोरीला मात्र तासभर ठेवून बाजारात गेली. मुंगी सकाळपासून निळा फ्रॉक घालून बसली होती, भूगोल वाचताना दर पाच ओळींनी दाराकडे. मी रागावले. एकाग्रता नावाची चीज नाही!

बूट न्यायला आलेल्या आईनं जाताना पुन्हा एक प्रश्न विचारला, गणिताच्या पुस्तकाबद्दल. म्हणजे सल्ला पटला. दुसऱ्यांदा कोणी आलं ते बुटासाठी असलं तरी आलंच ना.

शनिवार, २२ मार्च

आज दोन कुटुंबं. एकात आजोबाही होते, ते पूर्ण वेळ माझ्या शोकेसमधल्या जबड्यांकडे बघत होते, स्वतःच्या जबड्याला हात लावून.

मुंगी आता माझी मदतनीस झालीये! चहा ती करते. इतका हळू की पाहुणे कप बशीत ठेवेपर्यंत सूर्य हलतो, पण करते. आणि मध्येच येऊन आठवण करून देते. "आई, परीक्षेचं सांगितलंस का त्यांना?" सांगितलं. "नातेवाइकांचं?" तेही. "मग प्रवासात कसं शिकायचं ते?" ते विसरले होते! सांगितलं. पाहुणे पाऊण तास आणखी बसले. आत चार मुलं पत्ते खेळत होती आणि मुंगी धावत आत जायची, धावत बाहेर यायची, पुढचा मुद्दा घेऊन.

पाहुण्या बाई म्हणाल्या, "केवढा आत्मविश्वास हो हिच्यात!" मी म्हटलं, शाळेत 'हळू' म्हणत होते हिला. माझा ऊर भरून आला, खरंच. ह्यात थट्टा नाही.

मंगळवार, २५ मार्च

भागाकार जमला. अचानक! बाकी उरते तिला ती म्हणते 'उरलेले पाहुणे'. म्हटलं, जे हवं ते म्हण, जमलं ना!

वर्गाच्या त्या बाईंना फोन करावासा वाटला. केला नाही. त्यांचा नंबरही नाही माझ्याकडे.

शनिवार, २९ मार्च

कोणी आलं नाही. येणार होते त्यांच्या मुलाला ताप. बरं झालं, तीन कवळ्या बाकी होत्या. मेण, बर्नर, रेडिओ. स्वर्गच!

मुंगी दुपारभर खिडकीत. हाक मारली तरी "हो हो" म्हणायची आणि तिथेच. विचारलं काय बघतेस, तर म्हणे खाली कोण कोण येतं ते. मी निरीक्षणवहीत लिहून ठेवायला सांगितलं. लाल टोपीवाला माणूस, कुत्रं, पार्सलवाला, कुत्रं परत. निसर्गाभ्यास आणि समाजशास्त्र एकत्र झालं. शाळेत एवढा वेळ कोण देणार हो मुलाला खिडकीत बसायला?

संध्याकाळी विचारलं, "आई, पाटी पडली नाहीये ना दारावरची?" बघून आली. पडली नव्हती.

बुधवार, २ एप्रिल

ठरवायला बसलो. तिघं, जेवणाच्या टेबलावर, ताटं तशीच. नवऱ्यानं बाजू मांडली. मोठ्या खिडक्या, लहान वर्ग, आणि "तुझे हात किती पुरणार? तू कवळ्या करतेस, स्वयंपाक करतेस, शिकवतेस, वर लोकांना शिकवतेस. आणि ती दिवसभर तुझ्याच तोंडाकडे बघत असते."

मी म्हटलं, माझं तोंड वाईट आहे का?

मग मी बोलले. मला वाटलं होतं तिरकस बोलेन, नेहमीसारखी. पण सरळच बोलले. तिला परत कोणी सगळ्यांसमोर 'हळू' म्हणालं तर? त्या दिवशी ती घरी आली आणि तिनं स्वतःच्या गतीनं जेवणं सोडलं होतं. भराभर गिळायची. कोणी हळू म्हणू नये म्हणून! दोन महिने लागले मला तिचा घास सावकाश करायला. मला पुन्हा ते नको आहे. एवढंच. बाकी सगळी उत्तरं मी लोकांसाठी देते, माझं उत्तर हे एकच आहे.

नवऱ्यानं ताट बाजूला सारलं. मग मुंगीकडे वळला. "तू सांग. तुला काय हवंय?"

मुंगीनं माझ्याकडे पाहिलं. माझे डोळे ओले होते, मान्य आहे. म्हणाली, "घरी चालेल."

नवऱ्यानं हात टेकले. "बरं. घरी." ताटं उचलायला घेतली त्यानं. मी मुंगीला घट्ट धरलं.

शुक्रवार, ४ एप्रिल

प्रवेशाची मुदत संपली. जिंकलो! नवऱ्यानं येताना आईस्क्रीम आणलं, खिलाडू माणूस आहे. सासूबाईंना फोनवर सांगितलं. त्या "ठीक आहे, तुम्ही आईबाप" म्हणाल्या. त्यांच्या बोलण्यात जोर नव्हता.

आता पुढच्या वर्षाचा आराखडा नीट करायचा. विज्ञानाला जास्त वेळ. आणि शनिवारच्या लोकांसाठी मला वाटतंय, उत्तरं लिहूनच ठेवावीत. छापील कागद हातात द्यायचा. चहाचाही त्रास नको. पाच मिनिटांत मोकळे!

शनिवार, ५ एप्रिल

आज मुंगीच्याच वयाची एक मुलगी, आईबापांबरोबर. कागद तयार होता, वीस मिनिटांत सगळे निघालेसुद्धा. लिफ्ट खाली गेली तरी मुंगी दारात उभीच. मग आत आली. "आई, तू उत्तरं पूर्वीसारखी तोंडानं देत जा ना. जरा हळू. तुझं संपलं की मुलं जातात."

मी विचारलं, एकटं वाटतं का गं तुला? इतक्यांदा विचारलं आम्ही, मग बोलली का नाहीस?

म्हणाली, "तू सगळ्यांना सांगतेस ना, मुंगीला एकटं वाटत नाही. मला वाटलं, ह्याला एकटं म्हणत नसतील."